उसवलेली घरं

ऐंशी सालाच्या आसपास नाशिकच्या आमच्या विणकाम केंद्रात हरसूलकडची एक बाई मागावर बसायची. काही बोलायच्या आधी हातातला धागा दातांनी तोडायची. देखरेखीला मी होतो. कुणा इंग्रजाने काढलेलं तिच्याच भागातलं एक जुनं चित्र तिला विणायला दिलं होतं. त्यात लांबवर निळा डोंगर, बाकी सगळं ओसाड. तिने डोंगरावर पायवाटा, झरा आणि घरं विणली.

"चित्रात घरं कुठायत?" मी खेकसलो.

धागा तोडून ती म्हणाली, "चितारणारा लांब उभा व्हता, भाऊ. आमी तिथंच राहतो."

मी सगळी घरं उसवायला लावली. वरून खाली उसवताना, सगळ्यात आधी विणलेलं घर शेवटी आलं. तिथे तिचा हात थांबला.

"हे माझं," ती म्हणाली.

'राहू दे' म्हणायला माझं काय गेलं असतं? मी घड्याळाकडे पाहिलं. तिने तेही उसवलं.