न धुतलेल्या जर्सीचं खापर

राष्ट्रीय ज्युनिअर फुटबॉल संघाचे कपडे धुणाऱ्या मावशीला त्या संघाचं वाटोळं व्हावं असं मनापासून वाटायचं. कुणी म्हणालं की खाल्ल्या घरचे वासे मोजतेस, तर ती म्हणायची, "मोजते. सगळे पोकळ आहेत." संघ हरून आला की चिखलाच्या चड्ड्या टबात बुचकळताना तिला गाणं सुचायचं. आणि संघ हरूनच यायचा. सतरा वर्षांखालच्या पोरांचा हा संघ मुख्य स्पर्धेत एकदाच पोहोचला होता. एरवी पात्रता फेरीतच नांगी टाकून परत. गोल खाण्याच्या बाबतीत मात्र ही पोरं कधी उपाशी राहिली नाहीत.

त्या एकाच वर्षीच्या गोलकीपरला सगळे 'भिंत' म्हणायचे. पहिल्या सामन्यात त्याच्याकडून एकही चेंडू आत गेला नाही, संघ जिंकला, आणि खेळाडूंचा जुना नेम लागू झाला: जिंकलेली जर्सी स्पर्धा संपेपर्यंत धुवायची नाही. पाण्याबरोबर नशीब वाहून जातं म्हणे! मावशी नोकरीत नवी होती. तिनं नाक दाबून नेम पाळला.

पण बाद फेरीच्या सामन्याच्या सकाळी भिंत स्वतःच स्टँडखालच्या धुलाईखान्यात आला. तोंड उतरलेलं, हातात जर्सीचा बोळा. ती मिरवत अंगात घालून तो आदल्या रात्री चोरून दारू प्यायला होता आणि तिच्यावरच ओकला होता. "मावशी, कोचना कळलं तर मला हाकलतील. कुणाला सांगू नका, पाया पडतो." पोर हमसून रडत होतं. मावशीला दया आली. तिनं जर्सी ब्रशनं घासली, उलटी करून इस्त्रीखाली वाळवली आणि शब्द दिला, नाही सांगणार.

दुपारी भिंतीनं चार गोल खाल्ले. जर्सीला साबणाचा वास येतोय हे कुणाच्या तरी नाकानं टिपलं, आणि भिंत सगळ्यांदेखत म्हणाला, "मावशीनं धुतली. मी नको नको म्हणत होतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी! पेपरात आलं, चौकात चर्चा झाली, आणि मावशीचं नाव पडलं पनवती. तिनं तोंड उघडलं नाही, शब्द दिला होता ना. तिचा मुलगा डाव्या पायानं फार छान खेळायचा. निवड चाचणीला गेला तर पोरं ओरडली, "पनवतीचा आला रे!" तो घरी आला, बूट माळ्यावर फेकले आणि परत मैदानाकडे फिरकला नाही. तेव्हापासून मावशीचं या संघाशी हाडवैर.

भिंत पुढे संघाचा मॅनेजर झाला. पोट सुटलं, नावापुढे साहेब लागलं. आणि यंदा, कधी नव्हे तो, संघ पुन्हा मुख्य स्पर्धेत पोहोचला. सामने त्या वर्षीसारखेच घरच्या मैदानावर. पहिला सामना पोरं जिंकली आणि भिंतसाहेब धुलाईखान्याच्या दारात हजर.

"एकही जर्सी धुवायची नाही. गोलकीपरच्या जर्सीला तर हातही लावायचा नाही. एकदा वाट लावलीत तेवढी पुरे."

"मी लावली?" मावशी म्हणाली.

साहेबांनी छताकडे पाहिलं. मागे उभा असलेला यंदाचा गोलकीपर जर्सी छातीशी धरून म्हणाला, "सावली पण नका पाडू हिच्यावर."

मावशीनं हुकूम अक्षरशः पाळला. जर्स्या खुंट्यांवर आंबत राहिल्या. घामाचा असा दर्प सुटला की पाहुण्या संघाचा डॉक्टरसुद्धा वाट वाकडी करून जाऊ लागला.

बाद फेरीचा सामना तिनं बोगद्याच्या तोंडाशी बादली उपडी घालून, तिच्यावर बसून पाहिला. पहिला गोल बसला तेव्हा तिनं मांडीवर थाप मारली. दुसऱ्याला हसली. चौथ्याला ती उठून उभी राहिली, आणि गोलकीपर पोर गवतावर तोंड खुपसून पडलेलं दिसलं. बिचारा, असं मनात आलं खरं, पण जीभ काही वळली नाही. तिला आनंदच झाला होता. आता तरी माझ्यावर खापर फोडता येणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

करंडी घेऊन ती पोरांच्या खोलीत गेली. तिथे भिंतसाहेब एका वार्ताहराला सांगत होते, "अंगाला खाज सुटली पोरांच्या. असल्या घाणेरड्या कपड्यांत कोण खेळेल? धुलाईखान्यानं लक्षच दिलं नाही."

नाचता येईना, अंगण वाकडं. आणि अंगण दोन्ही वेळा मावशीचंच!

तिनं करंडी दाणकन त्यांच्या पायाशी आपटली. "तेव्हा धुतली म्हणून हरलात, आता धुतली नाही म्हणून? ऐका रे पोरांनो. त्या जर्सीत नशीब नव्हतं, या साहेबांची ओकारी होती. सामन्याच्या आदल्या रात्री दारू ढोसून केलेली. माझे पाय धरून धुवून घेतली."

भिंतीचं तोंड अगदी त्या सकाळसारखं उतरलं. "मावशी," तो पुटपुटला, "तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. एका रडणाऱ्या पोराला. माझं पोर माळ्यावर बूट फेकून रडलं, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

गोलकीपर उठला. अंगातली जर्सी ओढून काढली आणि मान खाली घालून मावशीपुढे धरली.

मावशीनं हात पुढे केला नाही. "माझ्याकडे नको. त्यांच्याकडे दे."

पोरानं ती घामट जर्सी भिंतसाहेबांच्या हातात दिली. साहेब ती धरून उभे राहिले, आणि वार्ताहरानं फोटो काढला.