जोडीतली विलासची बाजू

आमच्या अपार्टमेंटच्या लिफ्टला लिंबू-मिरची बांधायची की नाही, यावरून मी एकदा भर मीटिंगमध्ये सेक्रेटरींशी कडाक्याचं भांडलोय. ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. बाधा, अंगात येणं, अमावस्या असलं काही निघालं की मी उठून चहाला जातो. तर असा मी इथं लिहायला बसलोय... बायको मागे उभी राहून वाचतेय आणि हसतेय. हसू दे.

घटना कोल्हापुरातली, राजारामपुरीतली. एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर पत्र्याचा हॉल आहे, तिथं रविवारी सकाळी आमचा कराटेचा क्लास चालतो — जपानमधल्या ओकिनावाच्या जुन्या पद्धतीचा. आम्ही बाकं भिंतीला लावतो आणि मॅट पसरतो. दोन्ही बाजूंना खिडक्या, भरपूर उजेड, खाली रिक्षांचे हॉर्न. भुताखेताला शोभेल असं तिथं काहीही नाही.

या पद्धतीत जोडीनं करायचा एक प्रकार असतो, याकुसोकू कुमिते. म्हणजे आधी ठरवून केलेली लढत. कोण मारणार, कुठं मारणार, दुसरा कसा अडवणार, सगळं पाठ. आमच्या सेटमध्ये एकजण पुढे येत तीन ठोसे मारतो. दुसरा मागे सरकत तिन्ही अडवतो आणि शेवटी आत शिरून मारणाऱ्याच्या बरगडीवर एक ठोसा देतो. लोक म्हणतात, सगळं ठरलेलंच आहे तर त्यात काय? त्यात एवढंच, की ठोसा खरा मारायचा. समोरच्यानं अडवला नाही तर त्याचं नाक फुटलं पाहिजे. लटका मारला तर तो त्याचा अपमान समजतात.

मारणारा मी, अडवणारा विलास. वर्षानुवर्षं हीच जोडी. विलास कुरुंदवाडचा, तिथं त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. म्हशींची धार काढून मोटरसायकलवर यायचा आणि आल्या आल्या मला डिवचायचा, "मास्तर, मारा की जोरात! वैनींनी नाष्टा दिला न्हाय व्हय?"

त्याची एक खोड होती. अडवायला तयार झाला की पुढच्या पायाचा अंगठा उचलायचा. सेन्सेई, म्हणजे आमचे सर, त्यावरून त्याला कायम ओरडायचे. मला मात्र त्या अंगठ्याची इतकी सवय झाली होती की तो उचलला की माझा ठोसा आपोआप सुटायचा.

दुसरी गोष्ट फक्त आम्हा दोघांची. मागे गाडीवरून पडून माझी बरगडी तडकली होती. बरा होऊन परत आलो तेव्हा शेवटच्या ठोशाच्या जागी विलासनं त्या बरगडीवर नुसता तळवा टेकवला. हलकेच. पुढे बरगडी ठणठणीत झाली, पण तळवा तसाच राहिला. सर बघत असले की ठोसा, आम्ही दोघंच असलो की तळवा. त्यावर आम्ही आपसातही कधी बोललो नाही. दोन बाप्ये माणसं बोलणार तरी काय!

गेल्या उन्हाळ्यात विलास गेला. दुपारी जेवायला घरी निघायच्या आधीच, दुकानात बसल्या बसल्या हार्ट अटॅक. चाळिशीही गाठली नव्हती, बिनसाखरेचा चहा पिणारा माणूस... मला दुःखाआधी संताप आला होता, आणि तो अजूनही येतो. मी क्लासला जात राहिलो, पण जोडीचं परत कुणाबरोबर केलं नाही. सरांनीही कधी विषय काढला नाही.

पावसाळा सरता सरता एका रविवारी क्लास सुटला होता. मी एकटाच मॅट गुंडाळत होतो. बघतो तर दारात विलासची आई. विलास तिला आक्का म्हणायचा, म्हणून आम्हीही आक्काच म्हणतो. विलासचं लग्न राहूनच गेलं होतं, घरात ही दोघंच. साठीच्या पुढची बाई, एसटीनं एकटी आली होती. विलासचा पांढरा ड्रेस हॉलच्या खुंटीवर तसाच होता, तो न्यायला. आमच्यापैकी कुणाचं तो काढायचं धाडस झालं नव्हतं.

ड्रेस पिशवीत घातला, तरी त्या निघेनात.

"ह्यो हितं करायचा काय रं?" त्यांनी विचारलं. "रविवार आला की घरात टिकायचा न्हाय. काय हाय तितं म्हटलं की नुसता हसायचा. मला दाव की."

मी विलासची बाजू एकट्यानं करून दाखवली. हवेत अडवणं, मागे सरकणं. एकट्यानं केलं की ते फार केविलवाणं दिसतं.

"आन् तू काय करायचास?"

"मी समोरून मारायचो, आक्का."

"मग तसं कर. त्येच्या जाग्याव मी हुबारते."

नको म्हणणार कसं? म्हटलं, हळूच हात पुढे करू, बाईला बरं वाटेल. त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि माझ्यासमोर मॅटवर उभ्या राहिल्या. मी रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला. मान वर करतोय, तोवर त्यांच्या पुढच्या पायाचा अंगठा उचलला गेला.

पुढचं मी जसं झालं तसं लिहितो. मी ठोसा मारला नाही... तो सुटला. पूर्ण वेगानं, थेट तोंडावर. समोर आक्का आहेत हे डोक्यात येईपर्यंत तो त्यांच्या हातानं उडवला होता आणि माझा दुसरा निघाला होता. तोही उडवला. तिसराही. नऊवारी नेसलेली ती बाई मागे न बघता मागे सरकत होती. मग ती आत शिरली आणि माझ्या बरगडीवर तळवा टेकला. भाकरी थापून घट्टे पडलेला, गरम हात होता तो. पण टेकवणं विलासचं होतं. मी ते हजारात ओळखेन.

मग आक्कांनी हात झटकन मागे घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. चेहरा पार उतरला होता.

"मी न्हाय क्येलं," त्या म्हणाल्या. "आईच्यान, मी काय बी क्येलं न्हाय रं."

अडवलेल्या जागी माझा हात मनगटापासून कोपरापर्यंत लाल झाला होता.

"त्योच व्हता की," त्या म्हणाल्या. आणि लगेच, घाईघाईनं, "परत कर. परत कर की रं! मला काय तर बोलायचं हाय त्येच्यासंगं."

मी परत केलं, या वेळी सावकाश. आक्कांनी घाबरून दोन्ही हात तोंडावर घेतले, कुणीही घेईल तसे. परत केलं. तेच. मी म्हणालो, अंगठा उचला. त्यांनी मुद्दाम उचलला, काही झालं नाही. "आजून येकदा," त्या म्हणत राहिल्या आणि मी करत राहिलो. खरं सांगू? त्यांच्यापेक्षा मलाच जास्त घाई झाली होती. मला तो तळवा परत हवा होता. शेवटी आक्का मॅटवर बसल्या आणि ड्रेसची पिशवी पोटाशी धरून मोठ्यानं रडल्या. शेजारी बसून मीही रडलो. विलास गेल्यापासून पहिल्यांदाच.

नंतर मी सगळे खुलासे शोधून पाहिले. तो घरी सराव करायचा का, आक्कांनी बघून बघून उचललं असेल का? त्या म्हणाल्या, "घरात कुटलं? म्हशी बुजत्यात म्हणून मीच करू द्यायची न्हाय." बरं, केला असता तरी एकट्याच्या सरावात तळवा येणार कुठून? त्याला माझी बरगडी लागते. डॉक्टर मित्राला विचारलं, तो म्हणाला, शोकात माणसाला काहीही भासतं. भासाचा वळ हातावर चार दिवस कसा राहतो, ते त्यालाही सांगता आलं नाही. मलाही येत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला येत असेल तर जरूर कळवा, मी वाद घालणार नाही.

क्लास सुटायच्या सुमारास आता दर रविवारी आक्कांचा फोन येतो. पाऊसपाणी, म्हशी, गुडघे, सगळं सांगून होतं. मग त्या विचारतात, "आज आल्ता का?"

पहिल्यांदा मी त्यांना समजवायला गेलो होतो. मास्तराची सवय. आता नाही समजवत.

"न्हाय आक्का. आज न्हाय आला."

"बरं," त्या म्हणतात. "आला तर आदी घराकडं लावून दे. त्या दिवशी बिनजेवताच गेलाय."