म्हैसूरला नेलेली उघड्या टाक्यांची शाल

मिरजेला गाडीत चढलो तेव्हा एका हातात आईनं दिलेला डबा होता आणि दुसऱ्या हातात दोनशे एकोणीस टाके. टाके मोजलेले होते, डबा नव्हता. विट्याहून मिरजेपर्यंत एसटीत विणलं नाही, कारण आमच्या रस्त्यावर विणायला बसलं की सुई डोळ्यात जायची. रेल्वेत मात्र खिडकी मिळाली, मांडी घातली आणि सुरू केलं.

समोर हुबळीला उतरणारे एक काका होते. त्यांनी आधी माझ्या सुयांकडं पाहिलं, मग माझ्या मिशांकडं.

"कुणासाठी चाललंय?"

"एका ताईंसाठी."

"मग ताईंनाच विणू दे की. हे लेडीज काम."

मी त्यांच्याच घोगऱ्या आवाजात म्हणालो, "लेडीज काम! आणि डब्यातली पुरणपोळी लाटायला पैलवान आणला होता का?" शेजारची बाई हसली. काका हसले नाहीत, पण त्यांनी पोळी घेतली.

मी विणायला लागलो त्याला कारण झाली कबड्डी. पाय मोडला, दीड महिना प्लास्टर. शेजारच्या पाटीलकाकूंनी सुया हातात दिल्या नसत्या तर मी भिंतीला डोकं आपटून घेतलं असतं. प्लास्टर निघालं, सुया राहिल्या. मित्रांनी नाव ठेवलं 'स्वेटरबाई'. मी त्या नावानं हाक आली की ओ देतो. न देऊन करणार काय?

तर हा प्रवास कशाला, ते सांगतो. फोनवर आमचा विणणाऱ्यांचा एक गट आहे. बेळगाव, हुबळी, म्हैसूर, थोड्या आमच्याकडच्या, सगळ्या बायका. वर्षातून एकदा म्हैसूरला शारदाक्कांच्या घरी जमायचं आणि एकमेकींना हातानं विणलेली भेट द्यायची. कुणी कुणाला द्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. आणि एक रीत आहे. भेट पूर्ण करून आणायची नाही. टाके सुईवर उघडे ठेवून आणायची, आणि शेवटची ओळ ज्याची वस्तू त्याच्यासमोर बसून बंद करायची. म्हणजे कुणी दुकानातलं आणलं तर तिथंच कळतं.

यंदा मी पहिल्यांदाच नाव घातलं. लगेच सुलभाताईंनी गटावर लिहिलं, "हा मुलगा स्वतः विणतो, की आई विणून देते? आपल्याकडे हातचंच लागतं हं." पुढं हसणारी दोन तोंडं. सुलभाताई मूळच्या पुण्याच्या, आता म्हैसूरला गोकुलममध्ये राहतात. मी लिहिलं, "येतोच ताई. दोन्ही हात घेऊन येतो." दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या निघाल्या. माझ्या वाट्याला कोण? सुलभाताई!

त्यांच्यासाठी मी तिकोनी शाल घेतली होती विणायला. मानेपाशी तीन टाक्यांनी सुरू होते आणि प्रत्येक ओळीला वाढत जाते. शेवाळी रंग, खाली पानांची वीण. फक्त काठ राहिला होता. तो गाडीत होणार, असा माझा हिशेब.

पण हुबळीला काका उतरले, त्यांच्या पिशवीचा धक्का लागला आणि माझ्या मांडीवरचा लोकरीचा शेवटचा गुंडा घरंगळत दारातून थेट फलाटावर. तेवढ्यात गाडी सुटली. गुंडा फलाटावर, टाके माझ्या सुईवर आणि मध्ये लांबत चाललेला धागा. काका खालून ओरडतायत, "ओढ! ओढ!" मी ओढतोय, गुंडा फलाटावरनं पळत येतोय, एक कुत्रं त्याच्यामागं. शेवटी धागा तुटला. कुत्र्याला लोकर मिळाली. माझ्याकडं उरली दोन हात.

म्हैसूरला सकाळी उतरलो तर हवा अशी की लोकरीचं दुकान इथं चालतं कसं, हाच प्रश्न. आधी पोटाचं बघितलं. लोण्याचा गोळा ठेवलेला डोसा, आतून लाल चटणी फासलेली. दोन खाल्ले. तिसरा मागवताना वेटरनं माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या सुया पाहून विचारलं, "डॉक्टरा?" मी मान हलवली. डॉक्टर तर डॉक्टर.

देवराज मार्केटच्या मागच्या गल्लीत एक अरुंद दुकान सापडलं. पुढं ब्लाऊजच्या लेसा, रिबिनी, बटणं आणि मागं छतापर्यंत लोकर. गल्ल्यावरच्या बाईंना मराठी येत नव्हतं, मला कन्नड येत नव्हतं. मी शाल पुढं केली. त्यांनी बोटानं टाके चाचपले, तोंडातून "अब्बा!" निघालं, आणि शिडीवर चढून त्याच नंबरची शेवाळी लोकर काढली. मी पैसे काढायला लागलो तर त्यांनी माझा हात धरला आणि मला ओढत उन्हात नेलं.

"नंबर सेम. लॉट बेरे." (बेरे म्हणजे वेगळा.)

उन्हात धरल्यावर दिसलं. रंगारी एका वेळी जेवढी लोकर बुडवतो तेवढी एकसारखी निघते, पुढच्या खेपेला रंग जरासा सरकतोच. माझी शाल शेवाळी होती, ही लोकर शेवाळावर पाणी मारल्यासारखी. आत दिव्याखाली दोन्ही बहिणी वाटत होत्या, बाहेर सख्ख्या नव्हत्या.

"चालेल की," मी म्हणालो, "कुणाला कळतंय?"

बाईंना शब्द कळले नसतील, सूर कळला. त्यांनी जोरात मान हलवली, आत गेल्या आणि एक गुंडा घेऊन आल्या. झेंडूपेक्षा पिवळा. माझ्या शेवाळी शालीच्या कडेला लावला आणि तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाल्या, "थोडा अलग, चोरी लगता. पूरा अलग, शौक लगता."

मी पिवळा घेतला. शिवाय निळा, जांभळा आणि एक विटकरी, ज्यांची मला काहीही गरज नव्हती. विणणाऱ्याला लोकरीच्या दुकानात एकटं सोडू नये.

शारदाक्कांचं घर चामराजपुरममध्ये. पोचायच्या आधी एका बागेच्या बाकावर बसून पिवळ्या काठाच्या पाच ओळी घातल्या. मग दार वाजवलं. शारदाक्का म्हणजे निवृत्त शिक्षिका. चार पिढ्या म्हैसुरात, घरात मराठी, पण मध्येच कन्नड वळण घेते.

"अय्यो, तूच की प्रकाश? बा बा, आत ये. सुम्ने (उगीच) दारात उभा राहू नको. काफी घेतोस ना? मत्ते (आणि) खायला पण दिलं पाहिजे की तुला."

आत दहा-बारा बायका सतरंजीवर. व्हरांड्यात खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसलेले. ते पांडुरंगराव, नजरबादला त्यांचं शिवणाचं दुकान आहे. दरवर्षी स्कूटरवरून बायकोला, इंदूमावशींना, आणून सोडतात आणि संपेपर्यंत बाहेर बसतात, असं अक्कांनी सांगितलं. मी आत बसताना त्यांनी पेपर जरा खाली केला आणि माझ्या बोटांकडं पाहिलं.

पहिलं नाव माझं आलं. सुलभाताई समोर येऊन बसल्या. मी त्यांच्या खांद्यावर शाल टाकून माप बघितलं, मांडीवर घेतली, टाके बंद करायला लागलो. सगळ्या बघतायत. दहा-बारा टाके झाले असतील.

"हात बरा बसलाय," सुलभाताई म्हणाल्या. "पण हे बघ प्रकाश, राग मानू नकोस. टाके बंद करणं काय, दोन दिवसांत कुणीही शिकतं. खरं काम काठाच्या वरच्या पानांत आहे. ती आईनं केली असतील तर तसं सांग, आम्हाला आवडेलच."

शेजारी बसलेल्या इंदूमावशींनी पदर बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मला वाटलं, माझ्यासाठी वाईट वाटतंय.

माझ्या जिभेवर तीन उत्तरं होती, तिन्ही वाह्यात. ती गिळली. आणि सुई ओढून काढली.

"ए, ए!" कुणीतरी ओरडलं.

सुईवरचे सगळे टाके मोकळे. मी धागा धरला आणि ओढला. पिवळा काठ गेला. मग शेवाळी. पानांच्या सहा ओळी सर्रकन उसवल्या. लोकर मांडीवर कुरळी होऊन पडली. शारदाक्कांनी गालावर हात मारून घेतला. "निजवागलू (खरंच) उसवलास रे!"

"ताई," मी म्हणालो, "आई विट्यात आहे. आता इथून पुढं जे होईल ते माझं."

मोकळे टाके उचलताना एखादा निसटला तर वीण खालपर्यंत शिडीसारखी उसवते, आणि इथं तर प्रत्येक पानाला दोन टाक्यांचा एक करून बाजूला भोक सोडलेलं. पहिले चाळीस टाके श्वास धरून उचलले. मग तोंड सुटलं. टाके सुईवर पुढं ढकलताना आमच्या विट्याच्या कंडक्टरचा आवाज काढला, "सरका पुढं, सरका! मागची माणसं काय लोंबकळत येणार काय?" बायका खिदळल्या. मग एकेकीनं फर्माईश केली. गुरुजी झाले, स्टेशनवर गाड्या पुकारणारी बाई झाली, हुबळीचे काका झाले. हात चालूच. व्हरांड्यातल्या पेपरचं पान तासभर उलटलं नव्हतं.

मी विणत होतो, तोवर बाकीच्या भेटी झाल्या. मोजे, टोपी, बाळाचं झबलं. सगळ्यात शेवटी इंदूमावशी माझ्यासमोर येऊन बसल्या. माझी भेट त्यांच्याकडं होती. राखाडी मफलर.

वीण बघितली आणि मी हातातली शाल खाली ठेवली. एकसारखी, मऊ, प्रत्येक टाका जागच्या जागी श्वास घेतोय. असा हात मी पाहिला नव्हता. इंदूमावशींनी टाके बंद करायला घेतले. धागा ओढून ओढून घेत होत्या. ओळ संपली तेव्हा मफलरचं ते टोक पिशवीचं तोंड आवळल्यासारखं गोळा झालं होतं.

विणणाऱ्याचा हात म्हणजे आवाज असतो. मला आवाज कळतात. हा मफलर एका माणसाचा होता आणि ही ओळ दुसऱ्याची. मी वर पाहिलं. इंदूमावशी माझ्याकडं बघत होत्या, आणि त्यांना कळलं होतं की मला कळलंय.

"फार सुंदर आहे, मावशी," एवढंच म्हणालो. विनोद करायची माझी सवय मला पहिल्यांदाच नकोशी झाली.

तेवढ्यात पांडुरंगराव पेपर बगलेत धरून आत आले. चपला दारात काढल्या, सतरंजीवर माझ्या शेजारी मांडी घातली आणि मफलर हातात घेतला.

"आवळलीस गं," ते बायकोला म्हणाले. "आण सुई. उसवून परत करतो."

"अहो," इंदूमावशी हळू म्हणाल्या, "सगळे बसलेत."

"बसूंदेत. त्या पोरानं सगळ्यांसमोर उसवलं की नाही?"

त्यांनी ओळ उसवली, टाके उचलले, न बघता. बोटं चालायला लागली आणि खोलीत कुणालाच काही विचारायची गरज राहिली नाही.

सुलभाताई पुढं सरकल्या. "म्हणजे... मागं मला मिळालेला निळा स्वेटर?"

"मीच."

"तो मी थंडीत रोज घालते हो."

"माहीत आहे. कोपरात विरलाय. आणून द्या, रफू करतो." मान खालीच. "काय आहे बाई, दुकानात चाळीस वर्षं बायकांचे ब्लाऊज शिवतो. कोण काय म्हणत नाही. हातात लोकर दिसली की हसतात. म्हणून हिच्या नावावर पाठवत होतो. हिला बिचारीला नुसती शेवटची ओळ शिकवली."

"ती पण धड आली नाही मला," इंदूमावशी म्हणाल्या आणि एकदम हसत सुटल्या. किती वर्षांचं ओझं होतं, कोण जाणे.

शारदाक्का उठल्या. "साकु (पुरे) आता. पुढच्या वर्षापासून चिठ्ठीवर पांडुरंगराव म्हणूनच नाव. कोणाला काय म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा, मी इथंच आहे." चाळीस पोरांच्या वर्गाला गप्प करणारा आवाज.

माझी शाल जेवणानंतर पुरी झाली. बिसीबेळे भात (डाळ-भाज्यांचा मसालेदार मऊ भात) दोनदा घेतल्यानं हात जड झाला होता, तरी झाली. सुलभाताईंनी ती पांघरली, आरशासमोर उभ्या राहिल्या, पिवळा काठ ओढून बघितला.

"चौथ्या पानाशी एक टाका सैल आहे," त्या म्हणाल्या.

"आहे, ताई."

"असू दे. तो आवळू नकोस." आणि शाल अंगावर घेऊनच घरी गेल्या, तेवढ्या उकाड्यात.

परतीच्या गाडीत मी विचार करत होतो. पांडुरंगरावांना मी काही शिकवलं नाही, माझी लायकीही नाही. त्यांच्या बोटांपुढं मी अजून बालवाडीत. त्यांच्याकडं हुनर होता, माझ्याकडं फक्त निर्लज्जपणा होता. पण कधी कधी वाटतं, हुनर लपवून माणसं म्हातारी होतात, तेव्हा एखाद्या निर्लज्जानं जवळ बसून विणावं. पुढचं त्यांचं ते बघून घेतात.

विट्याला उतरलो तर दुपारचा एक वाजलेला. स्टँडवर आमची टोळी उभीच होती.

"आली रे स्वेटरबाई! एवढ्या उन्हात मफलर? आईनं विणला का म्हैसूरच्या मावशीनं?"

मी पिशवी खाली ठेवली, मफलरचा आणखी एक वेढा घेतला आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्या स्वतःच्या आवाजात, सांगितलं, "नजरबादच्या पांडुरंगराव शिंप्यांनी विणला. पुरुष आहेत. टोकापासून टोकापर्यंत."