पडद्याबाहेरची ट्रायल

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. पाठीमागे मात्र त्यांचं नाव ‘ट्रायलमास्तर’ होतं, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. साधी उशीची खोळ शिवायला टाकली तरी हा माणूस म्हणायचा, “परवा ट्रायलला या.” माझं विजेच्या सामानाचं दुकान त्यांच्या बरोब्बर समोर. एकदा मी वैतागून म्हटलंही, “मास्तर, खोळीची कसली ट्रायल?” तर म्हणाले, “उशी घेऊन ये की. तिलाच तर घालायचीय.”

माणूस हट्टी, पण हातात कसब. कापड आधी कच्च्या टाक्यांनी जोडायचं, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचं, कुठे आवळतंय, कुठे झोळ येतोय तिथे खडूनं खूण करायची, आणि मग टाके उसवून पक्की शिलाई. “कच्चा टाका ओढला की निघतो, मागे भोकसुद्धा राहत नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुकानाच्या कोपऱ्यात जाड निळा पडदा होता आणि ट्रायल त्याच्या आतच व्हायची. अर्धवट कपड्यातलं माणूस चारचौघांना दाखवू नये, म्हणायचे. आत गिऱ्हाईक असताना मी नुसता डोकावलो तरी हाकलून लावत.

त्यांची एकुलती एक मुलगी. सगळे तिला चिमणी म्हणायचे. शाळा सुटली की कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर बसून अभ्यास करायची आणि वर्गात पहिली यायची. वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, दाराशी बसून काज-बटणं करत. त्या एकदा म्हणाल्या, “पोरीला निदान बटण लावायला तरी शिकवू द्या.” मास्तर उसळलेच. “माझी पाठ बघ काय झालीय ती! हिची पाठ सरळ राहिली पाहिजे. ही कॉलेजात जाणार. मशीनला हात लावायचा नाही.” त्या माणसाला आयुष्यात दुसरं काही नकोच होतं.

कॉलेजची प्रवेश परीक्षा अकरावीतही देता यायची आणि बारावीतही. बारावीपर्यंत सगळा अभ्यास झालेला असतो, म्हणून बहुतेक पोरं तेव्हाच बसायची. चिमणी अकरावीत गेली आणि मास्तरांनी तिला लगेच परीक्षेला बसवायचं ठरवलं, तेव्हा तिच्या गणिताच्या बाई मुद्दाम दुकानात आल्या. म्हणाल्या, “मास्तर, यंदा घाई करू नका. निम्मे धडे अजून शिकवलेलेच नाहीत. आणि या मुलीनं कमी मार्क कधी बघितलेलेच नाहीत हो.”

“बाई, ही नुसती ट्रायल,” मास्तर हसले. “खरी परीक्षा पुढच्या वर्षी. कुठे आवळतंय ते तरी कळेल.”

टेबलाखालून आवाज आला, “बाबा, मी पुढच्याच वर्षी देते ना.”

“अगं, कच्चा टाका आहे. ओढला की निघाला.”

झालं. मास्तरांपुढे कधी कुणाचं चाललं होतं?

निकाल लागला तो पार तळाचा. त्यात नवल ते काय? जे शिकवलंच नाही ते येणार कुठून? मास्तरांना तर जराही वाईट वाटलं नाही. उलट काम मार्गी लागल्यासारखे ते खूश होते. गिऱ्हाईक आलं की माप घेता घेता सुरू व्हायचे, “आमच्या चिमणीची ट्रायल झाली बरं का. गणितात फारच आवळतंय. भाषा ठीक आहे, पण खांद्यात झोळ.” गिऱ्हाइकं खो खो हसत. कुणी विचारायचं, “किती पडले गं?” आणि ती तोंड उघडायच्या आत हे मोठ्यानं आकडा सांगून मोकळे. वहिनींनी डोळे वटारले तर म्हणायचे, “लपवायचं काय त्यात? कच्चंच तर आहे.” मला अजून राग येतो. उशीच्या खोळीची अब्रू जपणारा हा माणूस, पोटच्या पोरीच्या बाबतीत एवढं कसं कळू नये?

एक दिवस दुकान भरलेलं असताना चिमणी डबा घेऊन आली. तिच्याच वर्गातल्या एका मुलीची आई बाही मापून घेत होती. मास्तरांनी त्या बाईंना चिमणीची ट्रायल तपशीलवार सांगितली, आकड्यासकट. चिमणीनं डबा टेबलावर ठेवला.

“बाबा, ट्रायल पडद्याआड घेतात ना?”

आवाज मुळीच चढला नव्हता. मास्तरांनी नुकत्याच ओठांत टाचण्या धरल्या होत्या. एकेक काढून होईपर्यंत ती निघून गेली होती.

त्यानंतर मास्तरांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पुढच्या वर्षी परीक्षेच्या दिवशी त्यांनी चक्क दुकान बंद ठेवलं आणि केंद्राच्या फाटकाशी दिवसभर उभे राहिले. संध्याकाळी पोरं बाहेर पडली, त्यांच्यात चिमणीही आली.

“कसा गेला गं?”

“कोरा दिला,” ती म्हणाली. “पेपर उघडला आणि आपल्या दुकानातलं हसणंच ऐकू यायला लागलं. आता पुन्हा बस म्हणू नका, बाबा.”

तरी ते म्हणालेच. विनवण्या केल्या, बाईंना घरी आणलं, माझ्याकडूनही सांगवून पाहिलं. ती नाही म्हणजे नाही. काही महिन्यांनी वहिनींच्या शेजारी बसून काजं करायला लागली, आणि मास्तरांची नजर अधू झाली तशी मशीनवर बसली. आता दुकान तीच चालवते. तिचा हात बापापेक्षा सफाईदार आहे. गिऱ्हाइकं तोंडभरून कौतुक करतात, तेव्हा मास्तर उठून बाहेर जातात.

परवा एक बाई मुलीला घेऊन ड्रेस शिवायला आल्या. मास्तर कोपऱ्यात बसले होते. जुनी ओळख, म्हणून बाईंनी विचारलं, “मास्तर, हिला यंदाच परीक्षेला बसवू की पुढच्या वर्षी? मागच्या चाचणीत हिला अवघे...”

मशीन थांबलं. “काकू, आकडा नका सांगू,” चिमणी म्हणाली. “कधी बसायचं ते तिला विचारा. आणि इथे नको, घरी गेल्यावर.” मग ती मुलीला घेऊन पडद्याआड गेली.

मास्तर चाचपडत रस्ता ओलांडून माझ्या पायरीवर येऊन बसले.

“तिची पाठ बघितलीस? वाकायला लागलीय.”

मी रोजच बघतो.

“मला खरंच वाटलं होतं रे,” ते म्हणाले, “की ओढला की निघेल.”