अर्विंगची स्वस्ताई

माझ्या साडूने मला फसवलं. दिलीपराव त्यांचं नाव, राहणार अर्विंग, टेक्सास. कऱ्हाडला भांड्यांचं दुकान मी शून्यातून उभं केलं. घासाघीस केल्याशिवाय आजवर चमचासुद्धा घेतलेला नाही. अशा माणसाला फसवलं, म्हणून लिहितो आहे.

माझी लेक मंजिरी श्रूजबरीला राहते, बॉस्टनच्या पश्चिमेला. जावयांना अर्विंगची नोकरी चालून आली होती. जावं की राहावं, घरात एकमत होईना. "बाबा, तुम्हीच बघून या, तिथे संसार स्वस्तात होतो का," मंजिरी म्हणाली.

श्रूजबरीची महागाई मी पाहिलीच होती. फ्लॉवर घेताना गल्ल्यावरच्या मुलीला म्हटलं, "दोन घेतोय, भाव नीट लाव." ती गोड हसली आणि दोन्हींचे पुरते पैसे लावले. नात कानात म्हणाली, "आजोबा, प्लीज स्टॉप!" शिवाय हिवाळ्यात घर तापवायचं बिल. ते नुसतं वाचूनच घाम फुटतो.

अर्विंगला उतरलो तर बाहेर भट्टी पेटलेली. दिलीपराव थेट भाजीच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदार नागपूरचा. आंब्यांचा भाव ऐकताच मी पेटी खाली ठेवली आणि दाराकडे वळलो.

"अहो काका, रागावता काय? निम्म्यात न्या ना!"

परदेशात ती हाक ऐकून माझे डोळे भरून आले. न्हाव्याकडे तेच झालं, इडलीवाल्याकडेही तेच. कोथिंबीर तर मागितली आणि फुकट मिळाली! मी मंजिरीला फोन लावला, "माणसांचं गाव आहे, डोळे झाकून या." जावयांनी लगेच होकार कळवून टाकला.

निघायच्या दिवशी दिलीपराव ऑफिसला गेले होते. मेहुणीला घेऊन मी त्याच दुकानात गेलो. पेटी ठेवली, वळलो. हाक येईना. दारापाशी पोचलो, दार आपोआप उघडलं, तरी हाक नाही. शेवटी मीच परत फिरलो.

"काका, आज दिलीपराव नाहीत सोबत?"

"त्यांचं काय काम?"

"वरचे पैसे तेच देतात ना मागून! म्हणाले, साडू खूश झाला की पोरं इकडे येतील."

मेहुणी ओढणीत तोंड खुपसून हसत सुटली.

परत आलो तेव्हा श्रूजबरीच्या घरात खोकी भरायला लागली होती. मी खरं ते सांगितलं : अर्विंगला भाडं कमी, पण एसी बंद करायची सोय नाही आणि जाल तिथे टोल. दोन्ही गावं सारखीच लुटतात.

"असू दे हो बाबा, मावशी जवळ असेल ना," खोक्याला चिकटपट्टी लावत मंजिरी म्हणाली.

म्हणजे सगळ्यांचं भलं झालं. माझं काय? आंबे सोडले, न्हावी सोडला, इडलीही सोडली. पण ती कोथिंबीर? ती तरी माझ्या बोलण्यावर मिळाली होती की नाही? दिलीपराव, उत्तर द्या. आणि चारचौघांत द्या.