मागच्या चाकातली हवा

माझ्या भावाचा उजवा पाय माझ्यामुळे गेला. हे दोनच माणसांना माहीत आहे, एक मला आणि दुसरं त्याला. बाकी सगळं गाव कुत्र्याला शिव्या देतं.

मोटरसायकल मी जुनी घेतली होती. भंडाऱ्याहून चालवत आणली, आणि भावाला आधी विचारलं नव्हतं. वडील गेल्यापासून आमच्याकडे बैल घ्यायचा असो की पोरीचं स्थळ पाहायचं असो, त्याला विचारल्याशिवाय पान हलत नसे. त्यातून गाडीचं त्याला मिस्त्रीइतकं कळायचं. पण चाळिशीच्या माणसाने एक गाडीसुद्धा आपल्या मनाने घेऊ नये का? मला तेवढीच खाज होती.

वहिनीने अंगणात गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, दोन्ही चाकांखाली लिंबू ठेवलं. भाऊ मागच्या चाकापाशी उकिडवा बसला. मला वाटलं, लिंबू सरळ करतो आहे. तो टायरच्या बाजूला नख खुपसून पाहत होता.

"हा टायर बदल पहिले."

"काहून? नक्षी तं पुरी आहे."

"नक्षीले काय करतं? लय वर्षं उन्हात उभी होती ही गाडी. रबर मेलं आहे याचं. हे पाह्य, तडकलं."

बारीक भेगा होत्या खऱ्या, उन्हाळ्यात धानाच्या बांधीतल्या जमिनीला पडतात तशा. मला दिसल्या. पण शेजारीपाजारी पूजेला जमलेले असताना त्याने ते बोलावं, याचीच माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी किक मारली, लिंबं चिरडली आणि गाडी पुढे काढली.

मग रोज सकाळी त्याचं सुरू झालं. टायर अंगठ्याने दाबायचा, चेन दोन बोटांनी वरखाली करून पाहायचा, ऑइल तपासायचा. आठवडाभर मी ते दात खाऊन पाहिलं. एक दिवस फुटलोच.

"मी का लेकरू आहो का? तुले इचारलं नाही म्हणून पोटात दुखून राहिलं तुह्या! आजपासून माह्या गाडीले हात लावाचा नाही."

तो उठला. हात दुपट्ट्याला पुसले. "बरं," म्हणाला आणि निघून गेला. त्यानंतर त्याने गाडीला बोट लावलं नाही. मला वाटलं, जिंकलो. आग लागो त्या जिंकण्याला.

रोवणी लागली. धानाच्या रोपांच्या पेंढ्या गाडीवर लादून बांधीपर्यंत न्यायच्या, आणि पांदण म्हणजे नुसता चिखल. अशा वेळी आमच्याकडे सगळेच मागच्या चाकातली निम्मी हवा काढून टाकतात, म्हणजे चाक चिखलात बसतं, घसरत नाही. घरी परतलं की पंपाने पुन्हा भरायची. त्या दिवशी मीही व्हॉल्व्हमध्ये काडी दाबून हवा सोडली, तीन खेपा केल्या आणि दुपारी घरी आलो. भूक लागली होती. पंप दाराच्या मागेच होता. म्हटलं, जेवून भरू.

मी ताटावर असतानाच भाऊ आला.

"मोहाडीत युरिया आला म्हणते. दोन थैल्या आणतो. नेऊ का गाडी?"

असं विचारायची त्याला कधी गरज पडली नव्हती. मी मान वर न करता किल्ली सरकवली. दारातून मला तो दिसत होता. गाडीपाशी जाऊन तो वाकला, सवयीने हात मागच्या टायरकडे गेला, आणि अर्ध्यावरच त्याने माझ्याकडे पाहिलं. हात मागे घेतला. किक मारून गेला.

हवेची आठवण मला तेव्हा होती का? स्वतःला खोटं सांगून पाहिलं, जमत नाही. होती. पण उठून पंप लावला असता तर त्याचं खरं झालं असतं. जवळच तर जायचं आहे, म्हटलं, आणि भात कालवला.

येताना दोन थैल्यांच्या वजनाखाली टायर फुटला. भाऊ रस्त्यावर पडला आणि मागून येणाऱ्या ट्रॅक्टरचं चाक पायावरून गेलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात पाय गुडघ्याखाली कापला. शुद्धीवर आल्यावर तो सगळ्यांना सांगू लागला, कुत्रा आडवा आला.

तिसऱ्या दिवशी वहिनी चहा आणायला खाली गेली, तेव्हा त्याने विचारलं, "हवा तू काढली होती ना?"

"हो," म्हटलं आणि रडलो. "वहिनीले सांगतो मी. आताच सांगतो."

"चूप. काही सांगाचं नाही. मी काही आता बांधीत उतरत नाही, तुलेच उतरावं लागन. तिले समजलं तं तुह्या हातचं पाणी नाही घेणार ते. मंग माह्या लेकरायनं काय खाचं?"

त्यात माफी नव्हती. हिशेब होता, आणि तो त्याने पाय गेलेला असताना पडल्या पडल्या केला होता.

आता दोघांचंही शेत मी करतो. गाडीचे दोन्ही टायर नवे आहेत. रोज सकाळी गाडी त्याच्या खाटेला लावून उभी करतो. तो पडल्या पडल्या हात खाली सोडतो, टायर अंगठ्याने दाबतो. "आहे. जाय," म्हणतो. भेटायला आलेल्या बायांना वहिनी सांगते, "देर असावा तं असा, माय! यानं आमचं घर धरून ठेवलं." भाऊ तेव्हा अंगठा दुपट्ट्याला पुसत असतो. त्याने एकदा तरी मला आईवरून शिवी हासडावी म्हणून मी किक मारायला उशीर करतो. तो हासडत नाही.