माया सोडा, बाबा

आमची सूनबाई जाड आहे. लोक ‘अंगाने भरलेली’ म्हणतात, ‘हेल्दी’ म्हणतात. मला असले शब्द जमत नाहीत. मी सातवीपर्यंत शिकलो, पुढची सगळी उमर उज्जैनला, नानाखेड्याच्या बस वर्कशॉपात, बसगाड्या खोलण्या-बांधण्यात गेली. तिथे जाड पत्र्याला जाड पत्राच म्हणतात. माझी बायकोही जाड होती. म्हणूनच सासू-सुनेचं जमायचं. बाजारात दोघींच्या मापाचं काही मिळायचं नाही, तेव्हा बायको दोघींचं घरीच शिवायची आणि शिवता शिवता दोघी मिळून दुकानवाल्यांचा उद्धार करायच्या.

बायको गेली. मशीन झाकलं गेलं. सूनबाईने सासूने शिवलेले कपडे विरेपर्यंत घातले, बगलेत उसवले की परत टीप घातली, आणि शेवटी नवऱ्याचे टीशर्ट घालून फिरायला लागली. मी बघत होतो. बोललो नाही, कारण माझ्या तोंडून सरळ काही निघत नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि पाठोपाठ सांगलीहून, तिच्या माहेरून, फोन आला. तिच्या भावाचं लग्न ठरलं होतं. ही एकुलती एक बहीण. म्हणजे करवली हीच. नवरदेवाच्या मागे दिवा घेऊन उभं राहायचं, सगळ्या फोटोंत यायचं. पोरगी घरभर नाचायला पाहिजे होती. ती भाजी निवडत म्हणाली, “मी नाही जात, बाबा. चुलतबहीण राहील उभी.”

“का? भावाशी भांडलीस?”

“अंगात घालू काय?”

मग सगळं बाहेर आलं. देवास गेटच्या दुकानात ती गेली होती. तिथल्या मुलीने कपाटसुद्धा उघडलं नाही. म्हणाली, “आंटी, आपके लिए तो परदे का कपड़ा देखना पड़ेगा।” मोबाइलवरून एक कुर्ता मागवला, तो पोटाला बसला आणि गळ्यातून दोन्ही खांदे बाहेर आले. साडीचं म्हटलं तर म्हणते, “साडीत मी दोरी बांधलेली गादी दिसते.”

मी म्हणालो, “मी शिवतो कुर्ता.”

ती हसली. वर्षभरात पहिल्यांदा एवढी हसली असेल. त्यामुळे मला मागे हटता येईना.

मशीन म्हणजे मशीन, मला त्याचं काय भय? तेल घातलं, पट्टा बदलला, पायडल मारलं. ते उलटं फिरलं आणि धाग्याचं घरटं झालं. इंजिन उलटं फिरत नाही, ही त्याची मेहरबानी मला त्या दिवशी कळली. मोबाइलवर शिवण शिकवणारी एक बाई होती. स्वतः झाडूची काडी. “मोठ्या मापासाठी सगळीकडून थोडं थोडं वाढवा,” म्हणाली. मी वाढवलं. जुन्या फुलाफुलांच्या चादरीचा एक कुर्ता तयार झाला. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मीच घालून आरशापुढे उभा राहिलो. पोटावर ठीक, पण खांदे कोपरापर्यंत उतरलेले आणि गळ्यात अजून एक माणूस मावेल. तेवढ्यात दूधवाला आला. मी तसाच पातेलं घेऊन दारात.

तो पायापर्यंत बघून म्हणाला, “दादाजी, जोग ले लिया क्या? किस अखाड़े में?”

“दूध डाल,” मी म्हणालो.

पण त्या चादरीने एक गोष्ट शिकवली. माणूस जाड होतो तेव्हा त्याचा खांदा जाड होत नाही. हाड तेवढंच राहतं. वाढवायचं ते छातीला, पोटाला, दंडाला. खांद्याला आणि गळ्याला हात लावायचा नाही. बायको हे न सांगता करायची. मी कधी विचारलं नव्हतं.

माप घेणं हा दुसरा झंझट. सासऱ्याने सुनेचं माप कसं घ्यायचं? ती टेप घेऊन खोलीत गेली, दार लावलं आणि आतून आकडे ओरडायला लागली. मी बाहेर खडूने फरशीवर लिहीत होतो. पोटाचा आकडा आला तो चादरीच्या अंदाजापेक्षा बराच कमी.

“श्वास सोड!” मी दाराला ओरडलो.

“सोडलाय!”

“खोटं बोलू नको. करवलीने जेवायचं आहे तिथे.”

मग खरा आकडा आला. चांगला तीन इंचांनी पुढे.

कापड मी बाजारातून आणलं नाही. बायकोची महेश्वरी साडी काढली, मुलाच्या लग्नात नेसलेली. सूनबाई नको नको म्हणाली. मी म्हणालो, “आता ही कोण नेसणार आहे, कपाट?” फक्त पदर आधी वेगळा केला आणि घडी घालून ठेवून दिला. त्याच्या कोपऱ्याला किल्ल्यांची गाठ मारून मारून एक मोड पडली होती, ती इस्त्रीनेही जात नव्हती. पदर कापायचा नव्हता. हे पक्कं होतं.

घेर मोठा धरला, त्यात सगळी साडी लागली. खडूच्या रेघा मारल्या, कात्री घेतली, आणि हात चालेना. मी नुसता त्या कापडावरून हात फिरवत बसलो. सूनबाई स्वयंपाकघरातून डोकावली आणि म्हणाली, “बाबा, माया सोडा हं!”

माझं डोकंच फिरलं. बायको गेल्यापासून उज्जैनात मला जो भेटतो तो हेच ऐकवतो. घाटावरचे गुरुजी म्हणतात, भाजीवाली म्हणते, शेजारचे रिटायर मास्तर रोज फाटकावर हात ठेवून म्हणतात, “दादाजी, अब माया छोड़ो।” आता घरातल्या पोरीनेही तेच म्हणावं! म्हटलं, सोडतो. घे. आणि खडूच्या रेघेवर खाडकन कात्री चालवली. वर्कशॉपमध्ये पत्रा कापायचो तसा, केसभर इकडेतिकडे नाही.

दुपारी कुर्ता शिवून झाला. ती घालायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा अंगात टीशर्टच होता, कुर्ता हातात.

“बाबा, माया कुठंय?”

“सोडली ना! तूच म्हणालीस.”

“कुठं सोडली?” तिने कुर्ता उलटा करून शिवण दाखवली. “इथे नाही काही.”

मग उलगडा झाला. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, पुढे अंग वाढलं तर उसवून मोठं करायला, त्याला तिच्या सांगलीकडे माया म्हणतात. माया सोडायची म्हणजे ठेवायची. माझी बायको उज्जैनच्या हिंदी शिवणक्लासात शिकलेली, ती ‘मार्जिन’ म्हणायची. मला काय ठाऊक! मी रेघेवर कापलं, वर टिपेत दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच गेला, म्हणून कुर्ता तिच्या अंगात शिरेना.

आधी ती हसायला लागली. मी पण हसलो. मग तिने कुर्ता घडी घालून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “जाऊ द्या. आईंची साडी वाया गेली माझ्यापायी. मी येत नाही म्हणून सांगते सांगलीला फोन करून.”

ती खरंच मोबाइल शोधायला लागली. मी कपाटातून पदर काढला. ती बघतच राहिली.

“बाबा, तो नको.”

“फोन ठेव खाली. आणि माया किती सोडायची ते बोल.”

“दोन बोटं.”

“चार सोडतो. तुमच्याकडची लग्नं मला माहीत आहेत.”

बगलेपासून खालपर्यंत दोन्ही बाजू उसवल्या आणि पदराच्या लांब पट्ट्या मध्ये जोडल्या. किल्ल्यांची मोड डाव्या बाजूला आली, कंबरेजवळ. मी ती लपवायला निघालो होतो. तिने सांगितलं, राहू द्या.

सांगलीत ती दिवा घेऊन भावाच्या मागे उभी राहिली. मांडवात मला बसायला खुर्ची मिळाली नाही, तरी मी भांडलो नाही, यावरून समजा. तिच्या एका मावशीने बाजूची पट्टी चिमटीत धरून विचारलं, “कुठल्या बुटीकचा गं?” सूनबाईने माझ्याकडे बोट केलं. मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, “थट्टा पुरे.”

पंगतीत सूनबाई माझ्या शेजारी बसली. दुसऱ्यांदा जिलबी वाढून घेतली आणि हळूच माझ्याकडे वाकली.

“बाबा, कुर्ता घट्ट व्हायला लागलाय.”

“होऊ दे. चार बोटं आहेत आत. घरी जाऊन उसवू,” मी म्हणालो, आणि वाढप्याला हाक मारली, “अरे, इकडे मठ्ठा आण.”